मुन्शींचा लाडका शब्द

नाशिकच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून कादर मुन्शी अकरा वर्षं लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून देत होते. अक्षर मोत्यासारखं. अर्जात 'फार' किंवा 'अतिशय' म्हणायचं झालं की त्यांचा एकच लाडका शब्द ठरलेला, 'एक्सेसिव्हली'. म्हणताना कसं तोंड भरून येई!

चौतीस सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी भागीबाई तणतणत आली. देवळालीच्या एका बंगल्यावर आयाची जागा होती आणि तिचा अर्ज मुन्शींनी कालच लिहिला होता.

"मुन्शीजी, लिवलं तरी काय त्यात? मडमेनं कागद वाचला, लेकराला ओढून पोटाशी धरलं अन् मला फाटकाबाहेर काढलं! मी काय लेकरं खाती?"

"अहो, आजारी मुलाला औषध द्यायला तुम्ही फार तत्पर आहात, एवढंच लिहिलंय."

पण मनात पाल चुकचुकली. घरी जाऊन त्यांनी अर्जाचा कच्चा कागद मुलीपुढे, अनवरीपुढे ठेवला. पोरगी इंग्रजी पाचवीत होती. वाचता वाचता ती थबकली.

"अब्बा, इथं 'एक्सीडिंगली' हवं. त्याचा अर्थ फार, पुष्कळ. 'एक्सेसिव्हली' म्हणजे प्रमाणाबाहेर, नको इतकं. मडमेला वाटलं असेल, ही बाई ऊठसूट पोराला औषधं पाजते. निजवायला अफूसुद्धा."

मुन्शींनी स्वतः डिक्शनरी उघडली, एकदा, दोनदा, तीनदा. पोरगी बरोबर होती. अकरा वर्षं! किती अर्जांत तो शब्द गेला असेल? नकार घेऊन परत आलेल्या प्रत्येकाला त्यांनी "नशीब तुमचं" म्हणून वाटेला लावलं होतं.

सकाळी नवा अर्ज घेऊन ते भागीबाईबरोबर टांग्यातून देवळालीला गेले. मडमेसमोर टोपी काढून म्हणाले, "चूक माझी आहे. हिची नाही." नवा अर्ज वाचून मडमेला हसू आवरेना. तिनं दुसरी आया ठेवली होती, पण शेजारच्या बंगल्यावर चिठ्ठी दिली. भागीबाईला काम लागलं.

मुन्शी मात्र परतताना थेट गोरक्षच्या घरी गेले. चौकीदारीसाठी त्याचे तीन अर्ज त्यांनीच लिहिले होते. हा माणूस अनोळखी लोकांना अडवण्यात 'एक्सेसिव्हली' कडक आहे, असे. तिन्ही ठिकाणी नकार आला होता. आता तो गोदावरीच्या घाटावर पाट्या वाहत होता.

मुन्शींनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. आतून गोरक्षची बायको सगुणाबाई बाहेर येऊन उभी राहिली.

"म्हंजी माझ्यात खोट नव्हती?" तो हळूच म्हणाला. "मी तर मुन्शीजी, तीन वर्षं तोंड लपवून फिरलो."

मुन्शी तिथंच पायरीवर बसले आणि कोरा कागद मांडीवर घेऊन गोरक्षचा चौथा अर्ज लिहू लागले.