ढब्बूची झालर

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव निघालं की माझी लेक खुलते आणि माझ्या पोटात दुखतं. आडपडदा कशाला ठेवू? डबा मी भरते, ताप आला की कपाळावर पट्ट्या मी ठेवते, आणि दिवसातून दहादा ऐकते काय, तर "हे मावशीला सांगू?" उंटावरून शेळ्या हाकणारी मावशी लाडकी. लेक नक्की माझी की तिची, हेच मला कळेनासं झालं होतं.

लेकीच्या वाढदिवसाला मावशीने गिनीपिग आणून दिला. गुबगुबीत, म्हणून ढब्बू. दिवसभर वाळलेलं गवत चावायचं आणि लेंड्या टाकायच्या, एवढाच त्याचा उद्योग. झाडायचं कोणी? मी.

एका सकाळी पाहते तर ढब्बू मान वळवून, थेट बुडाशी तोंड नेऊन स्वतःचीच लेंडी खात होता. किळस आली, आणि खरं सांगते, त्याहून जास्त आनंद झाला. बहिणीने रोगट जनावर आमच्या गळ्यात मारलं होतं.

"मावशीला विचारू या ना," लेक म्हणाली.

"काही नको. मी करते त्याला बरा."

मी शिवणकाम करते. फ्रॉकच्या उरलेल्या कापडात बकरम घालून ढब्बूच्या गळ्याला अशी कडक झालर शिवली, की त्याचं तोंड मागे पोचूच नये. "जमलं असतं का हे तुझ्या मावशीला?" असं विचारलंसुद्धा.

दोन दिवसांत ढब्बू मलूल झाला. तिसऱ्या दिवशी त्याने गवताला तोंडच लावलं नाही. टॉवेलात गुंडाळून आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"ही झालर कशासाठी?" त्यांनी विचारलं.

मी कारण सांगितलं. त्यांनी आधी कात्री घेतली आणि झालर कापून टाकली.

"अहो, ते खायलाच हवं त्याने. कडक लेंड्या टाकून द्यायच्या, मऊ असतात त्या परत खायच्या. पहिल्या खेपेला जे अंगी लागत नाही, ते दुसऱ्या खेपेला लागतं. तो आजारी नव्हताच, तुम्ही पाडलात."

लेकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंनी औषध दिलं, सिरिंजने पातळ खाणं भरवायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ढब्बूने आपणहून गवताची काडी ओढली, आणि तेवढ्यात मावशीचा फोन आला. लेकीने उचलला. मी मशीन थांबवलं. आता माझे वाभाडे निघणार.

"मजेत आहे ढब्बू," लेक म्हणाली. "नाही गं, काही झालं नाही."

फोन ठेवून ती पिंजऱ्याजवळ बसली. "तुला बोलली असती ती," एवढंच म्हणाली.

मावशीपासून तिने लपवलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही माझ्यासाठी. मला लाज वाटायला हवी होती. पण मी इतकी खूश झाले, की सुईत दोरा ओवायला मला चारदा प्रयत्न करावा लागला.