सहा दिवसांची हजेरी

चारुताने पडद्यावरचा बाण ‘कायम करा’ या बटणावर नेला आणि माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. सकाळपासून ही तिसरी वेळ होती.

पडद्यावर तनुजाचं नाव होतं. खाली एप्रिलमधल्या सहा तारखा, अकरा ते सोळा, आणि प्रत्येक तारखेपुढे ‘हजर’. लॉगिन बंद करण्याआधी ही शेवटची हजेरी बरोबर आहे का, एवढंच संगणक विचारत होता. कायम करा किंवा दुरुस्त करा, उत्तरं दोनच.

“अजून झालं नाही?” हिमांशू मागे येऊन उभा राहिला. डिस्पॅचचा तो प्रमुख. “पुण्याची माणसं चारला येतायत. गेलेल्या माणसाचं लॉगिन चार महिने उघडं दिसलं तर माझी शोभा होईल. कायम कर, लॉगिन बंद कर, विषय संपला.”

“बघते.”

“बघण्यासारखं काय आहे त्यात?”

काय आहे ते त्यालाही ठाऊक होतं. उत्तराची वाट न पाहता तो आपल्या केबिनमध्ये गेला आणि दार लोटून घेतलं.

वाळूजच्या या कारखान्यात नवी संगणक व्यवस्था येऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकाने सगळ्यांना हॉलमध्ये बसवून अगदी मुळाक्षरांपासून सुरुवात केली होती. नुसता आकडा म्हणजे माहिती नव्हे. त्या आकड्यावरून कुणाला काही करता आलं, तर ती माहिती. एका विभागाने भरलेलं दुसऱ्या विभागाला आपोआप दिसतं, तेव्हा खोटं भरू नका, कारण तुमच्या खोट्यावर विसंबून तिकडे कुणीतरी खरं काम करत असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, समोसे खाल्ले, आणि त्याच आठवड्यात चारुता आणि तनुजाने एकमेकींचे पासवर्ड पाठ करून टाकले. एक जेवायला गेली की दुसरीने तिच्या नावाने माल चढवायच्या चिठ्ठ्या काढायच्या. याला त्या टीमवर्क म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते होतंही तसंच. दोन वर्षांत दोघींचा एक ट्रक कधी उशिरा सुटला नव्हता.

तनुजा पैठणकडची, शेतकऱ्याच्या घरातली, चणीने लहान आणि तोंडाने मोठी. तिचा नवरा शिवराज याच कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. वसाहतीच्या मागे गुंठेवारीत दोघांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. तिकडे घरं भराभरा आली, नळ काही आले नाहीत. त्या उन्हाळ्यात तर भोवतालच्या विहिरींनीही तळ दाखवला, आणि टँकर जिथून मिळेल तिथलं पाणी आणून कॉलनीच्या हौदात सोडू लागले. ते पाणी प्यायला कुणाला आवडत नव्हतं, पण दुसरं होतंच कुठे?

अकरा एप्रिलला सकाळी तिचा फोन आला होता.

“ताई, कणकण वाटतीया. ऊन बाधलं असंल. आज माझ्या नावानं जरा उघडता का? दिवस भरंनात वो माझे.”

तिला सातवा महिना होता. नोकरी कंत्राटी, कंत्राट नवं झालं की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बाळंतपणाच्या रजेसाठी हजेरीचे जेवढे दिवस लागत, त्यात तिचे नऊ कमी पडत होते. ऑफिसातल्या माणसांची हजेरी लॉगिनवरून लागायची. सकाळी नाव उघडलं की माणूस हजर.

“तू झोप गं,” चारुता म्हणाली होती. “मी आहे ना.”

किती मायेने म्हणाली होती ती! तो स्वतःचाच आवाज आता कानात आला की तिला उठून कुठेतरी निघून जावंसं वाटे. सहा दिवस तिने रोज सकाळी आधी तनुजाचं नाव उघडलं, मग स्वतःचं. थोड्या चिठ्ठ्या त्या नावाने काढल्या, थोड्या या नावाने. हिमांशूने ते पाहिलं आणि हसून म्हणाला, “अशी टीम पाहिजे.” सातव्या दिवशी, रविवारी, उजेडात केस विंचरत बसलेल्या बायकोचे डोळे शिवराजला पिवळे दिसले. दवाखान्यात चार दिवस. गुरुवारी सकाळी ती गेली, पोटातल्या बाळासकट.

तेराव्याला कारखान्याच्या मेडिकल रूममधल्या सारजाबाई सिस्टर चारुताशेजारी बसल्या होत्या. पदराला हात पुसत त्यांनी सहज सांगितलं, “कुणी तीन दिवस आजारी दाखवलं की नाव आपोआप माझ्याकडे येतं. मग मी फोन करते. त्या आठवड्यात तिच्या कॉलनीतले चौघं मी असेच बोलावून घेतले, चौघांना कावीळ. सगळे बरे झाले. हिचं नाव आलंच नाही माझ्याकडे. आलं असतं तर पहिल्यांदा डोळेच बघितले असते.”

चारुताने पुढे एका डॉक्टर मावसभावाला विचारलं. गरोदरपणात ही कावीळ वाईटच, तो म्हणाला. चार दिवस आधी आणलं असतं तर? “सांगता येत नाही. वाचली असती कदाचित.” तो नाही म्हणाला असता तर चारुता सुटली असती, हो म्हणाला असता तर निदान मोकळेपणी रडली असती. या कदाचितचं काय करायचं ते तिला चार महिन्यांत कळलं नव्हतं.

आणि रोज अकरा वाजता शिवराज खिडकीशी यायचा. चिठ्ठ्या न्यायला तीन ड्रायव्हर आळीपाळीने येत. एप्रिलनंतर बाकी दोघं दिसेनासे झाले. तो दुसऱ्यांच्या पाळ्यासुद्धा मागून घेतो म्हणे. चिठ्ठीच्या तळाशी ती काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. बायकोचं नाव बघायला येत असेल बिचारा, असं चारुताने धरलं, आणि तेव्हापासून रोज दोन-तीन चिठ्ठ्या ती मुद्दाम तनुजाच्या लॉगिनवरून काढू लागली. तनुजा गेल्यावर पटावरची हजेरी थांबली होती, लॉगिन बंद करायचं मात्र राहून गेलं होतं. द्यायला तिच्याजवळ तेवढंच होतं. तो चिठ्ठ्या घ्यायचा, क्षणभर तिच्याकडे बघायचा, “बरंय ताई” म्हणायचा आणि जायचा.

आज तो आला तेव्हा तिने काच पूर्ण सरकवली. चिठ्ठ्या तयार होत्या, पण तिने पुढे केल्या नाहीत.

“शिवराजभाऊ, तनुजाचं नाव आज बंद करायचंय. पुण्याहून सांगितलंय.”

“करा की.”

“त्याआधी तुम्हाला एक सांगायचंय.”

त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं. बाहेर शेडच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. श्रावण लागला तरी आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. चारुताने बोलायला सुरुवात केली, ती अडखळत. सहा दिवस, लॉगिन, तिसऱ्या दिवशी मेडिकल रूमला जाणारं नाव, सारजाबाईंचा न गेलेला फोन. मधे ती घोटभर पाणी प्यायली आणि मग तिने उरलेलंही सांगितलं, मावसभावाच्या त्या कदाचितपर्यंत.

“मी तिला हजर दाखवली नसती तर तिला बोलावून घेतलं असतं,” ती म्हणाली. “माझ्यामुळे झालं हे.”

शिवराजने काखेतलं हेल्मेट खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

“ठाऊक हाय मला,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तेराव्यापासनंच. सिस्टरनी तुमाला सांगितलं तवा मी मागंच हुतो, पत्रावळी घेऊन.”

चार महिने. रोज अकरा वाजता.

“मग तुम्ही बोलला का नाहीत? रोज येत होता इथं.”

“तुमी बोलता का बघत हुतो.” त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं. “तुमच्यावर डाफरायला नाय, ताई. फोन लाव म्हणून तिला मीच म्हनलो हुतो. ती म्हनत हुती, रजाच टाकते सरळ. मी म्हनलो, खुळी का काय तू, ताई हायत, हजेरी लावतेल. हे म्या आईला नाय सांगितलं. सासूला तर कोणत्या तोंडानं सांगू? म्हनलं, त्या हजेरीचं ठाऊक असणारं आणखी एकच माणूस हाय जगात. ते बोललं तर मलाबी बोलता यील.”

खिडकीच्या चौकटीवर त्याचा हात होता. चारुताने त्यावर हात ठेवला. कारखान्यात असं कुणी करत नाही. तिने केलं. दोघं तसेच उभे राहिले, आणि ती रडली, त्यालाही रडू आलं. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा त्याने बाहीने तोंड पुसलं.

“आता काय लिवायचं हाय तितं?”

“कायम केलं तर ती सहा दिवस कामावर होती असं राहील.”

“नव्हती ती कामावर,” शिवराज म्हणाला. “घरी हुती. एकटी. मी ड्युटीवर यायचो. खरं हाय ते लिवा.”

तिने ‘दुरुस्त करा’ दाबलं. हिमांशूच्या केबिनचं दार उघडल्याचा आवाज झाला. तिने मागे पाहिलं नाही. एकेक तारीख उघडून तिने ‘हजर’ पुसलं आणि त्या जागी ‘आजारी’ निवडलं. पहिली, दुसरी, तिसरी, करत सहाही. पडदा क्षणभर अडकला आणि मग माहिती जतन झाल्याची ओळ उमटली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिने शिवराजच्या हातात दिला. सगळ्या आज चारुताच्या स्वतःच्या नावाच्या होत्या. तरी तो निघेना, आणि तिलाही त्याने निघावं असं वाटेना.

त्याचा मोबाइल वाजला तेव्हा त्याने आधी नंबर पाहिला. कारखान्याचाच होता. आवाज मोठा असल्याने पलीकडची मुलगी चारुतालाही ऐकू येत होती. सारजाबाई जुलैत निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्या जागी आलेली ही नवी सिस्टर. तिला यायला आठवडाही झाला नव्हता. समोर आलेल्या नावाचा फक्त नंबर तिने पाहिला होता, तारखा नाही.

“तनुजा मॅडमच्या घरचा नंबर ना हा? मेडिकल रूममधून बोलतेय. तीन दिवसांच्या वर आजारी दाखवतायत त्या. काय होतंय त्यांना?”

चारुताने खिडकीतून हात पुढे केला. फोन इकडे द्या, मी सांगते, असं तिला म्हणायचं होतं. शिवराजने फोन दिला नाही.

“ताप हाय,” तो म्हणाला. “जेवण जात नाय. सातवा महिना हाय तिचा.”

“अहो, मग घरी काय ठेवलंय? कावीळ चाललीय सगळीकडे. लगेच घेऊन या त्यांना.”

“व्हय,” शिवराज म्हणाला. “आणतो. आत्ताच घिऊन येतो.”