इंधनबाबांचा मणी

त्या दिवशी तलवाड्याच्या आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या उन्हात माना टाकून पडल्या होत्या आणि विकणाऱ्या बायका जागेवर नव्हत्या. सगळा बाजार एका जुन्या पेट्रोल जीपभोवती गोळा झाला होता. उघड्या बॉनेटवर झेंडूचा हार होता, आणि शेजारी इंधनबाबा हातात एक पांढरा मणी धरून उभे होते. बाबांचा धर्म कोणता, हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. समोरची गर्दी पाहून ते कधी कपाळाला हळद लावत, कधी ऊद जाळत. आज दोन्ही होतं.

"सरकार म्हणतंय, इथेनॉलवर गाड्या चालवा," बाबा गरजले. "मेकॅनिक म्हणतोय, जुन्या इंजिनाला चालत न्हाई, बदला. कावून बदलायचं? बाप म्हातारा झाला म्हणून बदलता का तुमी?"

"न्हाई, न्हाई!" गर्दी म्हणाली.

"इंजिनाला बी जीव हाय. त्याची फक्त समजूत काढाय लागती. ह्यो ऊर्जामणी टाकीत टाका. लगेच समजूत पटती!"

नाथा नावाच्या त्यांच्या चेल्यानं सगळ्यांसमोर टाकीतलं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकलं. मग कॅनमधलं इथेनॉल ओतलं. खात्री म्हणून लोकांना वास दिला. एका म्हाताऱ्यानं अधिक खात्री म्हणून दोनदा घेतला. बाबांनी मणी टाकला, टाकीच्या तोंडावर फुंकर मारली आणि चावी फिरवली. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि आरामात गुरगुरत राहिली. बायकांनी बॉनेटला हात जोडले.

भाजीची पिशवी घेऊन मागं उभ्या असलेल्या गौसियानं जीपकडं पाहिलं नाही. तिनं आपल्या अब्बांकडं पाहिलं. इसाकभाईंचे डोळे भरून आले होते.

गौसिया तलवाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. इसाकभाई अशीच एक जुनी जीप वस्त्यांवरून प्रवासी घेऊन तालुक्याला, गेवराईला चालवायचे. रात्री-अपरात्री कोणी अडलं तर त्यांच्याच दारावर थाप पडायची. ही जीप भंगारात काढा म्हणून सगळे सांगत होते, आणि तो विषय निघाला की त्यांना जेवण जात नसे.

त्यांनी मणी घेतला, बाबांकडूनच इथेनॉलचे कॅनही घेतले.

"अब्बा, नुसत्या मण्यानं काही होणार नाही," गौसिया म्हणाली. "इथेनॉलला इंजिनात जास्त इंधन सोडावं लागतं, रबरी नळ्या बदलाव्या लागतात..."

"तू पोरांना शिकव बेटा. मला गाडी शिकवू नको."

जीप चोक ओढून, धक्के खात दोन-चार खेपा चालली. मग एका दुपारी मेंढरं राखणाऱ्या सिदूला घोणस चावली. त्याच्या आईनं, ताराबाईनं, त्याला जीपमध्ये मांडीवर घेतलं. निम्म्या वाटेत जीप फुरफुरली आणि बंद पडली. इसाकभाईंनी चावी फिरवली, मणी आठवून बिस्मिल्ला म्हटलं, बॉनेट उघडलं. ताराबाई एकच वाक्य म्हणत राहिली, "चालू करा की ओ भाई, लेकरू गार पडायलंय." शेवटी मागून दुधाचा टेम्पो आला आणि सिदू त्यातून दवाखान्यात पोचला. वाचला. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

इसाकभाई बाबांकडं जाब विचारायला गेले. बाबांनी डोळे मिटले. "घरात कोणी संशय घेणारं हाय का?"

इसाकभाई घरी आले आणि लेकीकडं न पाहता म्हणाले, "तुझ्या शंकेपायी सिदू गेला असता."

गौसिया रात्रभर जागी होती. सकाळी तिनं एवढंच म्हटलं, "चकलांब्याच्या बाजारात बाबा येणार आहेत. तुम्ही फक्त माझ्यासोबत चला."

चकलांब्यात तोच हार, तोच ऊद, तोच मणी. जीप सुरू होऊन गुरगुरू लागली तशी गौसिया पुढं झाली. "बाबा, शाळेतल्या पोरांना हा चमत्कार शिकवायचा आहे. जरा इंजिन बंद करून ऊद विझवता का?"

शाळेच्या अभ्यासक्रमात जायचं म्हटल्यावर बाबांना नाही म्हणवेना.

इंजिन निवल्यावर तिनं दोन काचनळ्या काढल्या. दोन्हींत शाईचं निळं पाणी होतं. पहिलीत कॅनमधलं इथेनॉल ओतून हलवलं. दोन्ही एकजीव झाली, सगळी नळी फिकट निळी. "इथेनॉल पाण्यात असं विरघळतं. पेट्रोल विरघळत नाही, वर तरंगतं." मग तिनं इंजिनाच्या कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवून त्यातलं इंधन दुसऱ्या काचनळीत घेतलं आणि हलवून वर धरलं. खाली निळं पाणी, वर वेगळा थर.

"हे तर पेट्रोल!" कोणीतरी ओरडलं.

"मण्यानं इथेनॉलचं पेट्रोल केलंय!" बाबा तात्काळ म्हणाले.

काही हात पुन्हा जोडले गेले. पण इसाकभाई बॉनेटवर वाकले होते. त्यांचं बोट सुटलेल्या नळीवरून सरकत गेलं. ती टाकीकडं वळलीच नाही. ती गेली थेट कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या बाटलीकडं.

"ही कशाची?"

"काच धुवायच्या पाण्याची," नाथा म्हणाला.

"म्या असलीच जीप जल्मभर चालवलीय," इसाकभाई हळू आवाजात म्हणाले. "हिला काच धुवायची बाटली कंपनीनं कधी दिलीच न्हाई." त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि बाटली शेजारच्या माणसाच्या हातात दिली. बाटली गर्दीतून हातोहात फिरली. टाकीची खरी नळी मध्येच खिळा ठोकून बंद केलेली निघाली. नाथा तेवढ्यात दिसेनासा झाला होता. बाबांना ती सोय लोकांनी ठेवली नाही. पोलीस येईपर्यंत ते आपल्याच जीपमध्ये बसून राहिले.

परतीच्या एसटीत इसाकभाईंनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "बेटा, मग आपली जीप इथेनॉलवर कधीच चालायची न्हाई?"

"चालेल की. कार्बोरेटरला जास्त इंधन सोडणारे मोठे जेट, इथेनॉलनं न फुगणाऱ्या नळ्या, टाकी आतून साफ. इथेनॉलनं आपल्या टाकीतला जुना गंज सुटून नळीत अडकला, म्हणूनच तर ती त्या दिवशी बंद पडली. चांगल्या मेकॅनिकला विचारू, परवानगीचंही पाहू. आणि ते सगळं होईपर्यंत पेट्रोलच घाला."

"सिदूच्या आईला काय सांगू?"

"जे झालं ते."

त्या संध्याकाळी इसाकभाई ताराबाईच्या दारात गेले. मण्याचं, बाटलीचं, स्वतःच्या भोळेपणाचं, सगळं सांगितलं. वस्तीवरची माणसं जमली होती. बोलायची सवय नसलेला तो माणूस शेवटी एवढंच म्हणाला, "कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी बघा, नळी कुठं जाती. विचारलं म्हणून देव बी रागवत न्हाई आन् अल्ला बी न्हाई. जो रागावतो, त्याच्याच गाडीचं बॉनेट आधी उघडा."