खुर्चीवरून दहा वेळा

जयराजला यातून मिळणार काय होतं, ते आधी पाहू. एक नारळ, एक गुलाबी फेटा आणि देवापुढं चालायचा मान. पैकी नारळ त्याला दरसाल मिळतच होता. फेटाही. भैरोबाच्या सासनकाठीचा मान थोरल्या घराचा आणि थोरल्या घरात पुरुषमाणूस तो एकटाच. त्यामुळं काठी कोणीही उचलली तरी नारळ-फेटा त्याच्याच हातात. राहता राहिलं ते चालणं. चैत्रात, भर उन्हात, अनवाणी, तीस फुटी उभ्या बांबूची आडवी फळी खांद्यांवर घेऊन वेशीपासून देवळापर्यंत चारशे पावलं. साखर कारखान्याच्या काट्यावर वीस वर्षं उसाच्या गाड्या मोजणाऱ्या माणसाला हा सौदा आतबट्ट्याचा आहे, हे कळायला हरकत नव्हती. पण काट्यावर दुसऱ्याची गाडी असते तेव्हाच डोकं नीट चालतं.

"किती झाल्या?" श्रद्धा मॅडमनी विचारलं.

"चार."

"साडेतीन. शेवटच्या वेळी तुम्ही खुर्चीच्या हाताला धरलंत."

कराडला बसस्टँडमागं, पहिल्या मजल्यावर मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. सत्तावीस वर्षांची मुलगी, पण नजर काट्यासारखी. खुर्चीवर बसायचं, हात छातीशी घ्यायचे, उठायचं, पुन्हा बसायचं. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. जयराजला घाम फुटला होता.

"मॅडम, हे म्हाताऱ्या माणसांचं झालं. मला काय तरी वजनाचं द्या की. आता मी हलका झालोय."

"हलके झालात, मजबूत नाही झालात. एकशे एकतीसचे सत्त्याहत्तर झाले. गेलेल्या चोपन्न किलोंत नुसती चरबी नव्हती, मांड्यांचं मांसही गेलंय त्यात. आधी खुर्ची. मग जिना. मग ओझं. सहा महिने तरी लागतील."

"सहा?"

"घाई आहे का कसली?"

"छे. घाई कसली."

चैत्र साडेचार महिन्यांवर आला होता.

मॅडमनी रकाने आखलेली एक वही दिली. रोज किती बैठका, किती चालणं, किती अंडी, किती मूग. डाव्या पानावर तारीखवार खुणा करायच्या. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "तुमचं पोट ऑपरेशननं मुठीएवढं केलंय. एकदम जेवता येणार नाही, म्हणून उपाशी राहायचं नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडं खायचंच. उपाशीपोटी व्यायाम अजिबात नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली, की असाल तिथं बसायचं."

जयराजनं मान डोलावली. काठीबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

खुर्चीवर त्याचा राग होता, त्यालाही कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यानं काठी चुलतभाऊ केरबाकडं दिली. केरबा त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, अंगानं काटक, तोंडानं मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. तो पाच दिवस उपास धरायचा, काठी घ्यायचा, देवळापुढं नाचवायचा आणि मग बाजूला उभा राहून घाम पुसायचा. नारळ-फेटा घ्यायला जयराज खुर्चीवर बसलेला असायचा. तीन वर्षांपूर्वी त्या खुर्चीचे पाय फाकले. प्लॅस्टिकचीच ती. मानकरी जमिनीवर, हलगी थांबलेली, आणि गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "काठी उचलायला एक गडी लागतूय, मानकरी उचलायला चार!"

ते चार जण उचलतानाही हसत होते. केरबा तेवढा हसला नव्हता.

पुढच्याच जूनमध्ये जयराज सांगलीला जाऊन पोटाचं ऑपरेशन करून आला. दर दहा किलोंना त्यानं काट्यावरच्या लोकांना कंदी पेढे वाटले. पाच वेळा. स्वतः एकही खाल्ला नाही, खाल्ला असता तर ओकला असता. लोकांनी पेढे खाल्ले आणि पाठीमागं विचारलं, "शुगर हाय का दुसरंच काय निघालं रं?"

वही सुरू झाली. पहिले चार दिवस खुणा खऱ्या होत्या.

वीस वर्षांत या माणसानं कारखान्याच्या पावतीवर एक किलो खोटा लिहिला नव्हता. शेतकऱ्यांनी विनवलं, वाहतूकदारांनी दमात घेतलं, तरी नाही. त्याच माणसानं पाचव्या दिवशी दाढी करता करता वहीत तीस बैठका लिहून टाकल्या. गोठ्यात खताचं अर्धं पोतं बांबूला बांधून तो खांद्यावर घ्यायला लागला. दोनदा अंधारी आली. त्याला रकाना नव्हता.

"आवं," त्याची बायको क्रांती वही उलटीपालटी करत म्हणाली, "आज तीस बैठका लिव्हल्याता. कवा केल्या?"

"सकाळी."

"सकाळी तर तुमी आरशात बघत हुता."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बैठकांतलं न्हाई कळत. तुमच्यातलं कळतंय," ती म्हणाली आणि वही जागेवर ठेवून दिली.

यात्रेला पंधरा दिवस राहिले, तेव्हा तो केरबाच्या दारात गेला. केरबा उंबऱ्याशी दावं वळत बसला होता.

"आण्णा, औंदा काठी मी घेनार."

"घे की. तुजीच हाय." केरबानं दाव्याला पीळ दिला. मग म्हणाला, "जरा उकिडवा बस बगू."

"कशाला?"

"बस तर."

जयराज बसला.

"आता ऊठ. हात न टेकता."

जयराज उठला. उठता उठता हात चौकटीला लागलाच. केरबानं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"काठी खांद्यानं उचलत न्हाईत, जया. मांडीनं उचलत्यात. देवळाम्होरं तीनदा गुडघं वाकवून देवाला सलामी द्याची असती, ठावं हाय न्हवं? खाली जानं सोपं. वर येनं म्हंजी काठी. आजून एक साल दम धर."

तोंडानं मुका माणूस एका दमात इतकं बोलला, यातच समजायला हवं होतं. पण हे मॅडमचंच बोलणं, फक्त धोतर नेसलेलं, आणि जयराजला ते दोन्हीकडून ऐकायचं नव्हतं.

"अकरा सालं धरली म्हनून काठी तुमची झाली व्हय आण्णा?"

दावं वळणारे हात थांबले. आत चुलीपुढं केरबाची बायको सुलाबाई होती, तिचीही फुंकणी थांबली.

"न्हाई बाबा," केरबा म्हणाला. "तुजीच हाय. मी फुडची दोरी धरतो."

काठी तोल जाऊ नये म्हणून शेंड्याला चार दोऱ्या बांधतात आणि चार बाजूंनी चार गडी त्या ताणून धरतात. पुढच्या दोरीवर भरवशाचा माणूस लागतो.

उपास लागला. पाच दिवस, दिवसातून एकदाच, तेही फळं आणि दूध. केरबासारखा माणूस त्या एका वेळी चार केळी आणि तांब्याभर दूध रिचवायचा. जयराजच्या मुठीएवढ्या पोटात अर्धं केळ आणि चार घोट गेले, की दार बंद. तिसऱ्या दिवशी क्रांतीनं दुधात मॅडमनी दिलेली प्रोटीनची पावडर कालवली.

"उपास मोडायचा हाय व्हय माजा?"

"मॅडमला फोन लावू का? एकदा इचारते नुसतं."

"लाव आनि बग. पुन्यांदा ह्या घरात पाय ठेवनार न्हाई मी."

तिनं फोन लावला नाही. त्याचा हिशेब ती अजून स्वतःशीच मांडते.

यात्रेच्या दिवशी बाराच्या उन्हात जयराजनं वेशीवर काठी घेतली. गुलाबी फेटा, पांढरा सदरा, कातडी लोंबतेय ती दिसू नये म्हणून आत घट्ट पट्टा. हलगी लागली. "नाथाच्या नावानं चांगभलं!" आणि खरं सांगायचं तर पहिली शंभर पावलं त्यानं देखणी टाकली. ज्यांनी त्याला मोडक्या खुर्चीवरून उचललं होतं, त्यांतले दोघं गुलाल उधळत पुढं नाचत होते. माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. क्रांती पारावर पदर तोंडाशी धरून त्याचे पाय बघत होती, फक्त पाय. दोनशे झाली. तीनशे झाली. पुढची दोरी धरून केरबा उलट्या पावलांनी चालत होता. त्याचीही नजर खालीच होती.

"जया, देतोस का माज्याकडं? हितनं फुडं?"

जयराजनं मानेनंच नाही म्हटलं. बोलायला तोंडात थुंकी उरली नव्हती.

देवळापुढं जागा मोकळी झाली. पहिली सलामी. गुडघे वाकले, काठी झुकली, वर आली. लोक ओरडले. दुसरी सलामी. गुडघे वाकले.

खुर्चीवरून उठायचं तेवढंच काम होतं ते. हात न लावता, एकदा.

जयराज वर आला नाही. कोपऱ्यांतून काळं होत होत सगळं देऊळ मिटलं. काठी पुढं कलंडली, आणि त्या बाजूला पायरीवर बायका नि पोरं बसलेली होती. मागची दोरी ज्यानं ताणली, तो फरफटत गेला. केरबा हातातली दोरी सोडून धावला. "सोड जया!" म्हणत त्यानं जयराजला बाजूला ढकललं आणि फळीखाली खांदा घातला. पण मांडी घट्ट बसायच्या आत काठी त्याच्यावर आली होती. बाजूच्या दोऱ्यांनी शेंडा अधांतरी धरला, बायका-पोरांच्या अंगावर ती पडली नाही. केरबावर पडली, पाठीवर आडवी, आणि तशीच राहिली.

संध्याकाळी पारावर जो तो एकच सांगत होता. "काय बी म्हना, काठी भुईला लागली न्हाई." काठी भुईला लागणं गावाला वाईट. त्या वर्षी गावाला काही वाईट झालं नाही.

जयराजचा एक गुडघा खरचटला होता.

मिरजेच्या दवाखान्यात केरबा एकवीस दिवस होता. तिथून आला तो कमरेखाली काहीच हलत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, आशा ठेवा. कसली, ते सांगितलं नाही.

जयराज कराडला गेला. मॅडमनी वही चाळली. एकही दिवस रिकामा नव्हता.

"हे सगळं खरं आहे?"

"न्हाई."

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी वही परत दिली आणि विचारलं, "त्यांना खाटेवरून खुर्चीत कोण बसवतं?"

"सुलावैनी. आनि शेजारचा कोन तरी. रोज मिळत न्हाई मानूस."

"एकट्यानं उचलायला मांड्या लागतात. तुमच्याकडं त्या नाहीत." मॅडमनी पायानंच खुर्ची पुढं सरकवली. "चला. पहिल्यापासून."

आता जयराज रोज सकाळी ड्युटीच्या आधी केरबाच्या घरी जातो. खाटेशेजारी खुर्ची मांडतो. सुलाबाई दोन उकडलेली अंडी समोर ठेवते. त्याच्याशी ती बोलत नाही, पण अंडी सोलून ठेवते. तो एक खातो, थांबतो, मग उठबस करतो. मोजायला केरबा.

"पाच. सहा. ही धरू नगंस, हात टेकलास."

"न्हाई टेकला आण्णा."

"टेकला. पाय मेल्यात माजं, डोळं न्हाईत. सहाच."

पहिल्या महिन्यात सहा. तिसऱ्यात दहा. सहाव्या महिन्यात मॅडम गावात आल्या, केरबाच्या काखेत हात कसे घालायचे, वजन पाठीवर न घेता मांड्यांवर कसं घ्यायचं ते दाखवलं, आणि जयराजनं केरबाला पहिल्यांदा एकट्यानं उचलून खुर्चीत ठेवलं. केरबा खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत बसला. "ऊस लय वाढला गड्या," एवढंच म्हणाला.

यंदाच्या चैत्रात काठी भावकीतल्या सूरजनं घेतली. चांगली घेतली म्हणतात. रिवाजाप्रमाणं नारळ-फेटा थोरल्या घरी आला. जयराज तो तसाच घेऊन केरबाकडं गेला आणि पायांशी ठेवला.

"आण्णा, हे तुमचं."

"मला कशाला? फेटा बांधून जाऊ कुटं?" केरबा हसला. "तिकडं फळीवर ठेव. आदी बैठका."

दहा झाल्या. दहाही खऱ्या. मग जयराज वाकला, काखेत हात घातले, मांड्या घट्ट केल्या आणि उचललं. अलीकडं हे सोपं जायला लागलं होतं. महिनाभर तो समजत होता, आपण मजबूत झालो. काट्यावरचा माणूस, त्याला आधीच कळायला हवं होतं.

वही आता दोन्ही पानांवर चालते. डावीकडं त्याचं वजन, वर्षभरातलं: सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. मॅडम म्हणतात, हे वाढलेलं मांस आहे, चांगलं आहे. उजवीकडं केरबाचं, मिरजेला नेलं की काट्यावर झोळीत घालून मोजतात ते: त्रेसष्ट, अठ्ठावन्न, चोपन्न, एकोणपन्नास. यातही काही खोटं लिहिलेलं नाही.

हे वजन उतरल्याचे पेढे कोणी वाटले नाहीत.