बोधाच्या चार ओळी

पडद्यावर पंचायत भरली होती आणि तंबूत खाली बसलेली चाळीस पोरं श्वास रोखून बघत होती. धान्याच्या कोठाराला आग कोणी लावली, हा प्रश्न होता. आग लावली होती खुद्द पाटलाच्या भावानं आणि आळ आला होता एका म्हाताऱ्या गुराख्यावर. दहा वर्षांचा एक मुलगा गर्दीतून पुढं आला आणि भर पंचायतीत त्यानं पाटलाच्या भावाकडं बोट दाखवलं. मग पाटील उठले, मुलाजवळ आले आणि त्यांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. सिंदीच्या फिरत्या टॉकीजचा तंबू टाळ्यांनी हादरला.

रूपराव मास्तरांनी मांडीवरच्या वहीत अंधारातच पेन्सिलीनं लिहिलं, 'सत्य. निर्भयता. वडीलधाऱ्यांचा न्याय.'

खेळ सुटल्यावर तीन बैलबंड्या गावाच्या वाटेला लागल्या. गाव तिथून दोन कोस. पौषाची थंडी होती. मास्तरांच्या बंडीत मागच्या बाजूला पंचफुला बसली होती. चौथीतली, बौद्धवाड्यातल्या श्रावणची मुलगी. हिशेबात हुशार, पण वर्गात तोंड उघडायचं म्हणजे तिला जिवावर यायचं. वाटेत अंधारातून तिचा आवाज आला.

"गुरुजी, त्या पोराले भेव नाई वाटला काय?"

"वाटला असेल की."

"मंग बोलला कसा?"

मास्तरांना प्रश्न आवडला. ते मागं वळून म्हणाले, "खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी मोठी माणसं उभी राहतात, पंचफुला. हे त्या पोराला ठाऊक होतं."

"अस्सं," ती म्हणाली.

गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत मास्तरांची बावीस वर्षं गेली होती. पहिली चौदा-पंधरा वर्षं त्यांनी सिनेमाला शिव्याच दिल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा नत्थू नऊ वर्षांचा असताना वर्ध्याला बोलपट बघायचा म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. मास्तरांनी त्याला नेलं नाही. 'ते आपल्यासारख्यांचं काम नाही,' म्हणाले. त्याच पावसाळ्यात नत्थू विषमज्वरानं गेला. वर्षश्राद्ध झालं आणि एका रविवारी मास्तर घरात कोणाला न सांगता वर्ध्याला गेले. तिकीट काढून एकटेच बोलपटाला बसले. शेजारी पोर बसलं असतं तर त्याला काय काय सांगितलं असतं, ते मनात जुळवत राहिले. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी त्यांची ही वारी चुकली नाही.

वर्ध्याच्या एका साप्ताहिकाचे संपादक किसनराव त्यांच्या ओळखीचे होते. ते एकदा म्हणाले, "मास्तर, लोक सिनेमाले नावं ठेवतेत, पन पोट्टे काही जायाचे राह्यत नाईत. कोनता दाखवावा, कोनता नाई, हे मायबापाले कोनी तरी सांगाले पायजे. तुमी लिहा ना." तसा 'मुलांचे बोलपट' हा रकाना सुरू झाला. आधी थोडक्यात गोष्ट, मग कुटुंबासह बघावा की नाही याचा निकाल, आणि शेवटी चौकटीत 'बोध'. बोधाच्या चार ओळी. त्या चार ओळींसाठी मास्तर चार-चार दिवस झुरत. मारामारीचा बोलपट असला तरी त्यातून काही तरी शोधून काढत. त्यांचा रकाना वाचून आर्वी-हिंगणघाटकडचे शिक्षकही पत्रं पाठवत. तंबूवाल्यानं यंदा शाळेची पोरं फुकट सोडली, तीही रकान्यामुळंच.

पंचायतीच्या बोलपटावरचा मजकूर पुढच्या अंकात आला. मास्तरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि बोध फळ्यावर लिहून सगळ्यांना पाठ करायला लावला. 'जे मूल सत्य बोलते, त्याला मोठी माणसे उचलून घेतात.' पंचफुलानं तो पाटीवर तीनदा लिहिला. अक्षर सुरेख होतं तिचं.

त्याच महिन्यात शाळाखात्याच्या डिप्टी साहेबांची तपासणी लागली.

आदल्या दिवशी सरपंच नानाजी शाळेत आले. शाळेची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली. खुर्चीवर बसत ते म्हणाले, "मास्तर, मांगच्या खेपेले सेलूकडच्या एका शाळेत डिप्टीनं पान्याचं इचारलं. लय बोभाटा झाला म्हनतेत. आपल्या इथं तसं काही नाई पायजे."

पाण्याचं म्हणजे असं होतं. शाळेच्या पडवीत माठ होता. सगळी पोरं त्यातून पेला बुडवून पीत. बौद्धवाड्यातली सात पोरं मात्र पायरीखाली ओंजळ करून उभी राहत आणि कोणी तरी वरून पाणी ओतत असे. अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन अडीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला वाड्यातल्या लोकांनी देव नदीत सोडून धर्म बदलला, गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, तेव्हापासून तर गावाच्या मनात अढीच बसली होती. माठाच्या बाबतीत मास्तरांनी एकदा नानाजींपुढं शब्द काढून बघितला होता. "होईन हळूहळू," नानाजी म्हणाले होते. मग मास्तरांनीही तो विषय सोडला होता.

नानाजी गेल्यावर मास्तरांनी दोन्ही खोल्यांतली पोरं एकत्र बसवली. "साहेबांनी विचारलं, पाणी कुठून पिता, तर काय सांगायचं?" आणि मग स्वतःच सांगितलं, "आम्ही सारे एकाच माठाचं पाणी पितो." पोरांनी एका सुरात म्हटलं. दोनदा म्हटलं. पंचफुला म्हणत होती की नव्हती, ते मास्तरांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डिप्टी साहेब आले. पाढे झाले, कविता झाली, नकाशावर नद्या दाखवून झाल्या. साहेब खूश दिसले. दाराशी नानाजी आणि गावातले चार-पाच जण उभे होते. साहेबांनी वही मिटता मिटता विचारलं, "शाळेत पाणी सगळी मुलं एकाच ठिकाणी पितात ना?"

"आम्ही सारे एकाच माठाचं पाणी पितो," वर्ग म्हणाला.

आणि मग भिंतीकडच्या रांगेतून पंचफुला उठली. फ्रॉकचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं.

"नाई, साहेब. आमाले वरून वततेत. पायरीखाली. माठाले हात लावू देत नाईत."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी आधी पंचफुलाकडं, मग दाराकडं, मग मास्तरांकडं बघितलं.

"काय मास्तर? मुलगी म्हणते ते खरं आहे?"

पंचफुला मास्तरांकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत आता भीती नव्हती. सांगायचं ते सांगून झालं होतं आणि उरलेलं आता मोठी माणसं करणार होती. दाराशी नानाजी खाकरले.

"लहान आहे, साहेब," मास्तर म्हणाले. त्यांना आपलाच आवाज परका वाटला. "तिचा काही तरी गैरसमज झालेला दिसतो. असं काही नाही इथं."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "बस, बाळ," ते म्हणाले. पंचफुला बसली नाही. ती तशीच उभी राहिली. शेजारच्या मुलीनं तिला हाताला धरून खाली ओढलं, तेव्हा कुठं बसली. तपासणीच्या वहीत साहेबांनी शेरा लिहिला, 'शाळेचे वातावरण चांगले.'

रात्री मास्तर ताटावर बसले, पण भाकरीचा तुकडा मोडवेना. भागीरथाबाईंच्या कानावर सगळं आलंच होतं. आठ वर्षांत त्यांनी नवऱ्यापुढं नत्थूचं नाव काढलं नव्हतं. चुलीपुढं पाठमोऱ्या बसून त्या म्हणाल्या,

"आपला नत्थू उभा राह्यला असता, तरी तुमी असंच म्हटलं असतं काय?"

मास्तर ताटावरून उठले.

श्रावण नानाजींकडं सालदार होता. नऊ वर्षं त्यानं त्यांची बैलं राखली, वखर-डवरा हाकला. तपासणीच्या तिसऱ्या दिवशी त्याला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नको. गावात दुसऱ्या कोणी त्याला ठेवला नाही. पंधरा दिवसांनी तो शाळेच्या पायरीशी आला. मागं पंचफुला होती. तपासणीपासून ती शाळेत आली नव्हती.

"दाखला पायजे, गुरुजी," श्रावण म्हणाला. "नालवाडीले बायकोचा भाऊ हाये. तिकडंच जातो आता. वर्ध्यात काही काम पाहीन."

"श्रावण, थांब थोडे दिवस. मी नानाजींशी बोलतो."

"काय बोलता?" श्रावणचा आवाज चढला नव्हता. "अन् कामाचं जाऊ द्या, गुरुजी. काम काय, इथं नाई त तिथं. पन पोट्टी घरी आली अन् तिनं मले इचारलं, बा, मी खोटं बोलली काय? आता मी अंगुठाछाप मानूस. गुरुजी म्हनतेत खोटं, त मी कसं सांगू तिले?"

मास्तर खाली बघत दाखल्याचा कागद भरू लागले. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता. 'वर्तणूक' या शब्दापुढं टाक थांबला. त्यांनी लिहिलं, 'उत्तम.' मग वर बघून म्हणाले, "पंचफुला, शिकणं सोडू नको."

ती पायरीखालच्या ओलीकडं बघत होती. श्रावणनं कागद घडी करून अंगातल्या बंडीच्या खिशात ठेवला आणि दोघं निघून गेले.

त्या आठवड्यात मास्तर रकाना घेऊन वर्ध्याला किसनरावांकडं गेले. या खेपेला त्यांनी नव्या बोलपटावर लिहिलं नव्हतं. पंचायतीच्या त्याच बोलपटावर पुन्हा लिहिलं होतं. या बोलपटातलं मूल खरं आहे, पण पाटील खोटा आहे. असा पाटील मी पाहिलेला नाही, आणि वेळ आली तेव्हा मलाही तसं होता आलं नाही. ज्यांची मुलाच्या बाजूनं उभं राहायची तयारी नसेल, त्यांनी हा बोलपट मुलांना दाखवू नये. खाली गावाचं नाव होतं, माठाची हकीकत होती.

किसनरावांनी दोनदा वाचलं. "मास्तर, हे काय लिहून आनलं बाप्पा?"

"खरं ते लिहिलं."

"पन लोकाले काय पायजे, चार चांगल्या गोष्टी. पोराले वाचून दाखवता आल्या पायजे. हे कोन वाचून दाखवन? अन् तुमची नोकरी?" त्यांनी कागद परत सरकवले. "मनाले लावून घेऊ नका. घरी जा. पुढच्या खेपेले एखादा देवादिकाचा घ्या."

मास्तर कागद घेऊन उठले. त्यानंतर त्यांनी रकाना लिहिला नाही. दोन अंक जागा रिकामी राहिली, मग तिथं पाककृती येऊ लागल्या.

त्यांनी तीच हकीकत साध्या भाषेत लिहून डिप्टी साहेबांना टपालानं पाठवली. मुलगी खरं बोलली होती, मी आपल्यासमोर खोटं बोललो, असं स्वच्छ लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. मागील तपासणीचा अहवाल कायम करण्यात आला असून प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. त्याच लिफाफ्यात बदलीचा हुकूम होता. कारंजा घाडगेच्या पलीकडं, जंगलाच्या कडेची एकशिक्षकी शाळा. पत्राची गोष्ट नानाजींपर्यंत पोचली होती. ते रस्त्यात भेटले तर मान वळवून निघून जात. पायरीखालची ओंजळ तशीच चालू होती. सातांची सहा झाली होती इतकंच. शेवटच्या महिन्यात मास्तर स्वतः त्या सहा पोरांना माठापाशी नेऊन पेला हातात देऊ लागले. तेव्हा गावातल्या लोकांनी आपली पोरं घरूनच पाणी देऊन पाठवायला सुरुवात केली.

चैत्रात, सामान बांधून झाल्यावर, मास्तर नालवाडीला गेले. श्रावणचं घर शोधायला वेळ लागला नाही. कुडाच्या भिंती, वर नवी कौलं. श्रावण कामावर गेला होता. त्याची बायको धुरपता दाराशी आली, पदर सावरून म्हणाली, "जय भीम, गुरुजी." बसा म्हणाली नाही.

अंगणात पंचफुला बाजेवर धोतर अंथरून सोऱ्यानं कुरडया घालत होती. ती थोडी उंच झाली होती. इथल्या शाळेत घातलं का, असं मास्तरांनी विचारलं. धुरपतानं सांगितलं, "घातलं. पाचवीत जाईन आता."

मास्तर बाजेजवळ गेले. गावातून निघताना त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता आठवेना. कुंपणापलीकडं दोन बायका थांबून बघत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"पंचफुला, त्या दिवशी तू खरं बोलली होतीस. खोटं मी बोललो होतो."

सोऱ्या फिरवता फिरवता पंचफुलाचा हात थांबला. तिनं वर बघितलं.

"मले माहीत हाये, गुरुजी," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. आणखी काही असेल म्हणून मास्तर थांबले. तिनं सोऱ्यात पुन्हा चीक भरला आणि धोतरावर एक गोल घातला, मग त्याच्या शेजारी दुसरा. ऊन चांगलंच चढलं होतं. ती बाजेच्या या टोकापर्यंत आली आणि खाली बघतच म्हणाली,

"गुरुजी, जरा बाजूले व्हा. सावली पडून राह्यली."

मास्तर बाजूला झाले.