पाय पुरेपर्यंत

नवऱ्यावर सूड उगवायला दामिनी पोरीचे पाय वापरते, असे कोणी तिच्या तोंडावर म्हटले असते तर तिने त्याच्या अंगावर चप्पल फेकली असती. पण खरे ते खरे. प्रणालीचे पाय मोटरसायकलच्या फुटरेस्टवर नीट टेकत नाहीत तोवर ती बापामागे बसून अकोल्याला जाणार नाही, ही अट दामिनीची होती आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी ती बैठकीत मान्य केली होती. अट बिनतोड होती. पाय अधांतरी असलेले लेकरू गाडीवर बसत नाही, लटकते, आणि खड्डा आला की उडते. यात कोण काय खोट काढणार?

तिच्या रागाला मात्र कारण होते. प्रणाली अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. अमरावतीला माहेरी बारसे होते, ते आटोपून नवराबायको अकोल्याला निघाले. भर मे महिना. दामिनी मागे एका अंगाने बसलेली, मांडीवर पोर. कुलदीपचे अकोल्यात स्पेअर पार्टचे दुकान, त्यामुळे गाडी म्हणजे आपल्या घरची गाय असा त्याचा तोरा, आणि हळू चालवणे हे त्याच्या लेखी बायकी काम. "हळू चालवा ना," ती बदनेऱ्याला म्हणाली. लोणीला म्हणाली. मूर्तिजापूर सोडले आणि एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला, तेव्हा ओरडूनच म्हणाली. शेतातल्या मारुतीच्या ओट्यासमोर, एका बाभळीखाली त्याने गाडी थांबवली.

"इतकंच भेव लागते त उतर. पायदल ये."

ती उतरली. पुढच्या वळणावरून परत येईल, असे तिला वाटले. तो आला नाही. बाभळीची सावली ती काय, चाळणीची सावली. पोर रडून रडून दमली, मग रडेनाशी झाली, तेव्हा दामिनी रस्त्यात येऊन दिसेल त्या गाडीला हात करू लागली. शेवटी टरबुजे घेऊन जाणाऱ्या एका गाडीवाल्याला दया आली, त्याने मूर्तिजापूरच्या स्टँडवर सोडले. तिथून ती अकोल्याच्या एस्टीत बसली नाही. अमरावतीला आईकडे, मैनाबाईकडे, जी आली ती आलीच.

एवढे तिने एक वेळ गिळले असते. पण कुलदीपने घरी सांगितले, "सोताच उतरली. डोकं फिरलं तिचं." आणि त्याच्या आईने, केशरबाईने, हे वाक्य हिवरखेडपासून धारणीपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांत पोचवले. तान्ह्या लेकराला घेऊन भर उन्हात गाडीवरून उडी मारणारी बाई! चोराच्या उलट्या बोंबा, आणि ऐकणारेही तसलेच. दामिनीला नवऱ्याने सोडल्याचे दुःख कधीच जिरले होते. हे वाक्य जिरत नव्हते.

म्हणून अट. पोरीला एस्टीने नेणे तर कुलदीपच्या तोऱ्यात बसत नव्हते. दर दोन-चार महिन्यांनी कुलदीप गाडी घेऊन अमरावतीला यायचा. गल्लीत गाडी स्टँडवर लावायचा, पोरीला सीटवर बसवायचा, आणि दामिनी खाली वाकून तिच्या तळव्याखाली बोटे घालून पाहायची. शेजारपाजारच्या बाया दारात उभ्या. मैनाबाई उंबऱ्यावर.

"पुरत नाई," दामिनी म्हणायची. "पोरगी अजून तयार नाई."

आणि कुलदीप पोरीला एक आइस्क्रीम चारून आल्या वाटेने जायचा. त्याची वळलेली पाठ पाहिली की त्या दिवशी दामिनीला जेवण गोड लागायचे.

एकदा त्याने पोरीसाठी बूट आणले. गुलाबी, चमचम करणारे, आणि तळवे चांगले विटेएवढे जाड. पाय पुरले. दामिनीने शांतपणे सांगितले, "बूट काढा तिचे." गल्ली हसली. पुढच्या खेपेला अनवाणी पायसुद्धा टेकले, तेव्हा ती क्षणभर चक्रावली. मग तिने फुटरेस्टजवळची ताजी वेल्डिंग पाहिली: त्याने फुटरेस्टच वर चढवला होता. "गाडीले उचलून आणलं, पोरीले नाई," ती म्हणाली. या खेपेला तर मैनाबाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या. कुलदीपचे कान लाल झाले होते.

तोवर हा सगळा खेळ होता. खेळाचा सूड झाला तो केशरबाईच्या फोनमुळे. प्रणाली फोनवर आजीशी बोलली, फोन ठेवला, आणि तूर निवडत बसलेल्या आईसमोर येऊन म्हणाली, "आई, मी लहान होतो तवा तू मले घेऊन गाडीवरून सोताच उतरली होती काय वं? आजी म्हनत होती."

'नाही' म्हटले तर आई खरी की आजी खरी, ते त्या पोरीने कसे ठरवायचे? सुपातली तूर दामिनीने त्या दिवशी खड्यांसकट शिजायला टाकली. आता याचे उट्टे काढल्याशिवाय राहायचे नाही, एवढे तिचे ठरले.

ती एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. या कामाला कोणीही शहाणी बाई स्कूटी घेते. दामिनीने जुनी मोटरसायकल घेतली. मैनाबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीले हे काहून?" दामिनी म्हणाली, "लांब जायचं हाय." कुठे ते तिने सांगितले नाही.

पोरीला तिने मागे बसायला शिकवले, आणि फार चांगले शिकवले, हे कबूल करायला हवे. आधी छत्री तलावाच्या रस्त्याला, मग बदनेऱ्यापर्यंत. वळणावर आईच्या अंगासोबत झुकायचे, उलट्या बाजूला नाही. ब्रेक लागायच्या आधी मांड्या आवळायच्या. आणि सगळ्यात मोठे म्हणजे झोपायचे नाही. वाऱ्यात लेकराचा डोळा लागतो आणि डोळा लागला की हात सुटतात. त्यासाठी थाप. दर वळणाला, दर पुलाला प्रणालीने आईच्या पाठीवर एक थाप मारायची: जागी हाय. थाप आली नाही की दामिनी गाडी बाजूला घ्यायची. ही थाप पोरीच्या इतकी अंगवळणी पडली की घरातसुद्धा आईच्या मागून जाताना ती एक मारून जायची. दामिनीला त्या थापेचे फार सुख होते.

पाय कधीच पुरू लागले होते. ते तिने कुलदीपला कळू दिले नाही; तो आला की पोरीला कधी ताप असायचा, कधी परीक्षा.

या उन्हाळ्यात तो आला तो एस्टीने. हातात प्लास्टर. कूलरमध्ये पाणी भरता भरता स्टुलावरून पडला होता. गाडीबहाद्दर कूलर भरताना पडला, हे ऐकून दामिनीला हसू आवरेना. उकिरड्याचाही कधीतरी पांग फिटतो म्हणतात, तो असा.

"आई बिमार हाय," तो म्हणाला. आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. "पोरीले पाहाची म्हनते. एस्टीनं नेतो अन् सांजच्याले आणून सोडतो. गाडीवर नाई नेत, बाप्पा."

"एस्टीनं काहून?" दामिनी म्हणाली. "पोरगी तयार हाय. गाडीवर जाऊ. मी चालवीन, तुमी मांगं बसा."

एवढी वर्षे नन्नाचा पाढा लावणारी बाई आज आपणहून म्हणते, तेव्हा यात काही काळेबेरे आहे, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण बिचाऱ्याला वाटले, आई आजारी आहे म्हणून ती पाघळली.

पोरगी मध्ये बसली, तो मागे. पायऱ्यांवरून मैनाबाईंनी काळजीने पाहिले, आणि तेवढ्यात कुलदीपच म्हणाला, "फुटरेसवर त माहे पाय हायेत. हिचे कुठी टेकतीन?"

दामिनीने किक मारली. "आज राहू द्या," ती म्हणाली.

इतकी वर्षे जिच्या तळव्याखाली बोटे घालून पाहिली, तिचे पाय त्या दिवशी दोन्ही बाजूंना लोंबकळत होते. सूड माणसाला आंधळे करतो म्हणतात. दामिनीला सगळे दिसत होते; तिने फक्त पाहिले नाही.

बदनेरा गेले. वळणावर थाप आली. दामिनीने गाडी पळवली. एका हाताने कॅरिअर धरलेला कुलदीप प्रत्येक धक्क्याला तोंडाने स्स् करत होता.

"हळू चालव ना," तो लोणीजवळ म्हणाला.

हेल्मेटच्या आत दामिनी हसली. तिने ॲक्सिलेटर आणखी पिळला. मूर्तिजापूरच्या पुढे एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला, तेव्हा तो ओरडलाच, "अवो, हळू चालव! पोरगी हाय मंदात!"

बाभूळ चौपदरी रस्त्यात गेली होती. पण मागच्या शेतातला मारुतीचा ओटा तोच होता. डोळे मिटूनही तिला तो ओटा सापडला असता. तिने गाडी थांबवली.

लग्न झाल्यापासून, अगदी भांडतानासुद्धा, तिने त्याला अरेतुरे केले नव्हते. आज केले.

"उतर."

"काय झालं?"

"इतकंच भेव लागते त उतर. पायदल ये."

त्याने ओट्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले आणि तो उतरला. प्लास्टरचा हात छातीशी धरून तो उन्हात उभा राहिला. आता झाडसुद्धा नव्हते. दामिनीने गाडी काढली आणि आरशात तो लहान लहान होत गेला. तिला फार आनंद झाला. हेच, अगदी हेच तिने इतकी वर्षे मनात उगाळले होते, आणि ते तसूभरही कमी पडले नाही.

मागे प्रणाली सरकून बसली. आता तिचे पाय फुटरेस्टवर नीट टेकले.

पूल आला. थाप आली नाही. दामिनीने वाट पाहिली. पुढे वळण आले, तेव्हाही नाही. तिने डावा हात मागे नेऊन पोरीचा गुडघा हलवला.

"झोपली काय वं?"

"जागी हाय मी."

"मंग थाप काहून नाई मारत?"

तेव्हा तिच्या लक्षात आले की कमरेभोवती हातही नाहीत. पोरीने मागचा कॅरिअर धरला होता, बाप धरून बसला होता तोच. दामिनीने गाडी बाजूला घेतली. गाडी पुरती थांबायच्या आत प्रणाली उतरली आणि आल्या रस्त्याने मागे चालू लागली. डोक्यात हेल्मेट तसेच.

"प्रणाली! इकडं ये. कुठी चालली?"

पोरगी थांबली नाही. ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्याने तिचा फ्रॉक फडफडत होता. तिने गाडी वळवली, बंद केली आणि ढकलत ढकलत, पोरीच्या आणि ट्रकांच्या मधून, उलट्या बाजूने ती चालू लागली. घामाने तिचे डोळे चुरचुरत होते.

समोरून कुलदीप येत होता. पोरगी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पप्पा, तुमी काहून उतरले?"

कुलदीपने मान वर करून दामिनीकडे पाहिले. गाडीच्या हँडलवर टेकलेली, धापा टाकणारी बायको त्याला दिसली. त्याच्या मनात काय आले देव जाणे. कदाचित त्याला तिची दया आली, कदाचित लाज वाटली.

"सोताच उतरलो, बेटा," तो म्हणाला. "बसून बसून पाय आखडले होते."

"सोताच?"

"हो. सोताच."

प्रणालीने हेल्मेटची काच वर केली. तिने बापाकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि शांतपणे विचारले, "आई बी तवा अशीच सोताच उतरली होती ना?"

कुलदीपचा चेहरा पडला. मग त्याने मान खाली घातली आणि तो प्लास्टरवरची धूळ झटकू लागला.

हा चेहरा पाहायला दामिनीने किती वर्षे घालवली होती. सगळ्या सोयऱ्यांत पोचलेले ते वाक्य तिच्या लेकीने इथे, याच रस्त्यावर, एका प्रश्नात त्याच्या घशात घातले होते. सूड पुरा झाला. यापेक्षा पुरा होणे शक्य नव्हते. तिने हसायचा प्रयत्न केला, पण हसू आले नाही.

"बस, बेटा," ती म्हणाली. "आजी वाट पाहून राह्यली."

प्रणालीने सीटकडे पाहिले. फुटरेस्टकडे पाहिले. तिने हेल्मेट काढले आणि ते आईच्या हातात दिले.

"मी आता कोनाच्या गाडीवर बसू?" ती म्हणाली.