आणखी एकदा ऐका

शालूबाई जेसीबीच्या बकेटमध्ये चढून बसली, तसे ड्रायव्हरने इंजिन बंद केले.

"मावशी, उठा," बचाव पथकाचे प्रमुख उन्मेष म्हणाले. "यंत्र लावून दोनदा ऐकलं. खाली कुणाची हालचाल नाही. पाऊस आला तर उरलेली भिंतही बसेल."

"मग आणखी एकदा ऐका. आमचं हे आत हायत. त्यांच्यावर लोखंड घालायचं आसंल तर आधी माझ्यावर घाला."

उद्यमनगरातली ती तीन मजली इमारत सकाळी कोसळली होती. कागलच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला तिचा नवरा आकाराम नुकताच आडवा झाला होता. शालूबाई दळण आणायला गेली म्हणून वाचली. अंगावर सांडलेले पीठ तिने अजून झटकले नव्हते.

यंत्र चालवणारी भैरवी पुढे आली. साहेबांकडे न बघता तिने विचारले, "काकू, तुमची खोली कुठल्या अंगाला?"

शालूबाईने बोट दाखवले. भैरवीने थरथर टिपणाऱ्या चकत्या तिकडच्या स्लॅबवर ठेवल्या आणि हेडफोन चढवला. "जनरेटर बंद करा. कुणी पायसुद्धा हलवू नका."

एरवी कानगोष्टही पलीकडच्या गल्लीला ऐकवणारी माणसं चिडीचूप झाली.

"आकारामकाका, ऐकू येत असेल तर काहीतरी वाजवा!"

पडद्यावरची रेघ सरळच राहिली. भैरवीने पुन्हा हाक दिली. रेघ किंचित हलली, मग उसळली. शालूबाईला आवाज आला नाही, पण पोरीचा चेहरा तिने पाहिला आणि ती धडपडत खाली उतरली.

स्लॅबला भोक पाडून जवानांनी तारेला बांधलेला माईक खाली सोडला. स्पीकरमधून क्षीण आवाज आला.

"मी... विजयसिंह. पाय अडकलाय."

घरमालक! खांबाला चीर पडलीय म्हणून शालूबाई वर्षभर त्याच्या दारात जाऊन ओरडत होती. 'काय होत न्हाय,' म्हणून त्याने वरून सिमेंट फासले होते. आज सकाळी कधी नव्हे तो खांब बघायला आला होता.

भैरवीने विचारले, "आकारामकाका तुमच्याजवळ आहेत का?"

स्पीकर खरखरला.

"हायत. मगापर्यंत बोलत होते."

कुणी कुणाकडे बघितले नाही. उन्मेषनी हळूच कटर आणायला सांगितला.

"स्लॅब कापायला वेळ लागेल," भैरवी म्हणाली. "तोवर त्यांना झोप लागता कामा नये. सारखं बोलत राहायला हवं. त्यांच्या घरचं कुणी आलंय?"

कुणीच आले नव्हते. गर्दीतले लोक मागे सरकले.

शालूबाईने पदराला हात पुसले आणि बोलायचा माईक भैरवीच्या हातातून काढून घेतला.

"विजयसिंह, मी शालू. डोळं मिटलंस तर बघ."

तिने माईक तोंडाजवळ धरला.

"तुला मरायला सवड न्हाय. ऐकतोयस न्हवं? ह्यांनी तुला काय काय सांगितलं, ते तुझ्याबिगर मला सांगणारं कोण न्हाय."

स्पीकरमध्ये कुणीतरी कण्हले.

ती ढिगाऱ्यावरच मांडी घालून बसली.

"हं. पयल्यापासनं सांग."